बेटाला उलटी प्रदक्षिणा

होस्टेलमधले ट्रिपचे प्लॅन रात्री साडेअकरानंतर जन्माला येतात आणि सकाळच्या पहिल्या लेक्चरला त्यांचं निधन होतं, हा आपल्याकडचा जुना नियम आहे. चार वर्षांत आमच्या मजल्यावर गोवा सात वेळा ठरला, अलिबाग चार वेळा आणि लडाख एकदा (थर्मोची केटी लागली त्या रात्री). प्रत्यक्षात गेलो कुठे? टिटवाळ्याच्या गणपतीला. तेही लोकलने. त्यामुळे एक प्लॅन खरोखर पार पडला, त्याची कुठेतरी नोंद असावी म्हणून हा लेख.

सुरुवात उदगीरकरमुळे झाली. हा सिव्हिलचा, लातूर जिल्ह्यातला. मी तसा होस्टेलवासी नाही. घर डोंबिवली पश्चिमेला, मोठागावात. पण सबमिशन आणि परीक्षा या दोन ऋतूंमध्ये मी त्याच्या खोलीत पॅरासाइट म्हणून राहतो. (रेक्टर सरांच्या वाचनात हे आलं, तर त्यांनी कृपया ‘राहायचो’ असं वाचावं.) शेवटच्या सेमिस्टरला त्याने मोबाइलवर कुठल्याशा बेटाभोवतीच्या रस्त्याचा व्हिडिओ पाहिला. सकाळी निघायचं, एका हाताला डोंगर, एका हाताला समुद्र, नारळ, कोळ्यांच्या होड्या, आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच परत. पठ्ठ्या दोन दिवस तेच बोलत होता. “जूनला मी गावाकडं जाणार. पुन्हा इकडं कोण येतंय? एक बेट बघूत की रे. गाडीनं चक्कर मारता येईल असं.”

अंदमानचं विमानभाडं बघून झालं. मोबाइल शांतपणे पालथा ठेवून झाला. मग मी म्हटलं, बेटच हवंय ना? कल्याणहून ठाण्याकडे जाताना कळवा सुटलं की खाडीवरचा पूल लागतो. तो ओलांडला की बेट सुरू.

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. तुमच्यापैकीही अर्ध्यांना तसंच वाटलं असणार. पण आपण ज्याला ठाणे, मुलुंड, बोरिवली, अंधेरी, बांद्रा म्हणतो ते सगळं एका बेटावर आहे. साष्टी. शाळेच्या इतिहासात ‘वसई आणि साष्टी’ असा जोडीने येणारा शब्द आपण दोन मार्कांसाठी पाठ केला आणि विसरलो. ६६ गावांचा प्रदेश म्हणून षट्‌षष्टी, त्याचं साष्टी झालं असं सांगतात. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, ईशान्येला उल्हास नदी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि मिठी. मिठीच्या पलीकडे मूळ मुंबईचं बेट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सायनचा बांध झाला, १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे झाला आणि दोन्ही बेटं एकमेकांना चिकटली. तरी बेट ते बेटच. १५३४ मध्ये ते पोर्तुगीजांकडे गेलं, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलं, १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी जिंकला. तो किल्ला म्हणजेच आजचं ठाण्याचं कारागृह.

उदगीरकर म्हणाला, “आमच्या उदगीरला १७६० मध्ये निजामाला हरवलंय.” हे तो कुठल्याही विषयात घुसवतो. मेसमध्ये भाजी खारट झाली तरी.

रेल्वेची गंमत तर अजून वेगळी. १६ एप्रिल १८५३ ची ती प्रसिद्ध पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, म्हणजे ती अख्खी बेटांवरच धावली. खाडी ओलांडून मुख्य जमिनीवर कल्याणला पोचायला रेल्वेला १८५४ चा मे उजाडला. तेव्हापासून आमच्या कल्याण-डोंबिवलीची माणसं रोज सकाळी बेटावर जातात आणि संध्याकाळी बेट सोडून घरी येतात. पण पूल लागतो तेव्हा प्रत्येकाचं लक्ष चौथी सीट मिळते का याच्याकडे. खाडी बघायला मान वळवावी लागते आणि मान वळवायला जागा लागते.

तर बेट ठरलं. आता चक्कर. इथे आमच्या टॉपरचा प्रवेश होतो. (नाव छापू नको म्हणालाय, प्लेसमेंट आहे.) त्याने लगेच एक्सेल शीट उघडली. माजिवड्यापासून घोडबंदर रस्त्याने फाउंटन हॉटेलच्या नाक्यापर्यंत २० किलोमीटरच्या आसपास. तिथून दहिसर नऊ-दहा. दहिसर ते बांद्रा द्रुतगती मार्ग २५. बांद्र्याहून बीकेसीतून कुर्ल्याला आणि पूर्व द्रुतगती मार्गाने ठाण्यापर्यंत आणखी २५. म्हणजे नुसता वेढा ८० किलोमीटरचा. डोंबिवलीहून जाणं-येणं आणि किनाऱ्याकडची वाकडी वाट धरून १५० च्या घरात. काकांची सीएनजी ईको हे सात-आठ किलो गॅसमध्ये करते. मुंबईच्या पाचही प्रवेश नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल १५ ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, त्यामुळे त्या रकान्यात शून्य. टॉपर खूश. म्हणाला, ताशी २५ धरले तरी सहा तासांत उरकतं, उरलेला वेळ ‘बफर’.

शीट चांगली होती. पण त्यात एक गोष्ट नव्हती. अख्ख्या वेढ्यात पाणी कुठे दिसणार? नकाशावर बोट फिरवत गेलो तसं लक्षात आलं की या बेटाला किनारा भरपूर आहे पण किनाऱ्याने जाणारा सलग रस्ता नाही. पश्चिम द्रुतगती मार्गावरून समुद्र दिसत नाही, तो तीन-चार किलोमीटर लांब, इमारतींच्या पलीकडे. पूर्व द्रुतगती मार्गावरून खाडी दिसत नाही, मध्ये मिठागरं आणि तिवरांचं रान. समुद्र बघायचा तर दरवेळी मुख्य रस्ता सोडून आत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. उत्तन-गोराईला गेलात तर समोर बोरिवली दिसते, पण मधल्या खाडीवर गाडी न्यायला पूल नाही. मढला गेलात तर समोर वर्सोवा, पुन्हा तेच. व्हिडिओतल्या बेटावर रस्ता आधी झाला असेल आणि घरं मग आली असतील. इथे घरं, कारखाने, रूळ सगळं आधी आलं आणि पाणी मागे सरकलं. म्हणजे ही एक चक्कर नाही. हे चार-पाच थांबे आहेत, आणि कुठले ठेवायचे नि कुठले उडवायचे एवढाच खरा प्रश्न.

तो प्रश्न घेऊन मी रविवारी घरी गेलो आणि जमिनीवर नकाशा पसरला. आजोबा पलंगावरून बघत होते.

आमचे आजोबा ७८ वर्षांचे. तरुणपणी रेतीच्या होडीवर होते. आमच्या मोठागावचं रेतीबंदर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी: उल्हासच्या तळातली रेती काढायची, होडीत भरायची आणि भरती-ओहोटीच्या जोरावर ठाण्याकडे, घोडबंदरकडे, भाईंदरकडे न्यायची. काढायची पद्धत ‘डुबी’. बांबू धरून खाली बुडी मारायची, बादली रेतीने भरायची, वर यायचं. दिवसभर. आजोबांच्या कानाला आज जे कमी ऐकू येतं ते त्यातलंच. आता गुडघे गेलेत. जिना चढत नाहीत, दर दोन तासांनी लघवीला जावं लागतं, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून घराबाहेर फारसे पडलेले नाहीत.

त्यांनी विचारलं काय चाललंय. मी सांगितलं. रस्ता, किलोमीटर, वेळ, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पानी कवा भरतंय?”

मी म्हटलं, गाडीने जायचंय, होडीने नाही.

“बघाया पानीच जातंव ना? मंग पानी बघ आधी. रस्ता कुठं पलून जातंय?”

आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, “घोडबंदर लागंल का वाटेत?”

हे वाक्य मी टॉपरला आणि उदगीरकरला फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्या मिनिटापासून ट्रिपला चार माणसं झाली आणि एक्सेल शीट रद्द झाली.

घोडबंदर म्हणजे आपल्याला ट्रॅफिक जॅमचं नाव. पण ते खरंच बंदर आहे. अरबी घोडे उतरायचे म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. खाडीच्या वर पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला आहे. आजोबांची होडी तिथे कैकदा रात्रभर नांगरून राहिलेली, पाणी फिरायची वाट बघत. शेवटचे ते तिथे कधी गेले हे त्यांना नक्की सांगता आलं नाही. एवढंच म्हणाले, की भरल्या पाण्यात बघायचं. ओहोटीला काय, चिखल.

आता भरतीचं गणित. आजोबा तिथीवर चालतात. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. टॉपरने हे ऐकून मेसच्या टेबलावरच डेरिव्हेशन काढलं. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांच्या आसपास, म्हणजे भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. १५ तिथींत १२ तास सरकायला हवेत, म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. मग गुणक तीन-चतुर्थांश नाही, चार-पंचमांश पाहिजे! पौर्णिमेला आजोबांच्या सूत्राने सव्वाअकरा येतात, याच्या सूत्राने बारा. पाऊण तासाची एरर. टॉपर विजयी मुद्रेने घरी आला, आजोबांना नमस्कार केला आणि हे समजावून सांगितलं. आजोबा म्हणाले, “घोडबंदरला पानी आत याला टाइम लागतंच. मी अर्धा-पाऊन तास धरूनच चालतो.” म्हणजे करेक्शन फॅक्टर त्यांच्याकडे होताच, फक्त लिहिलेला नव्हता. टॉपरने वहीत लिहून घेतला.

एवढं कळल्यावर दिवस आपण ठरवायचा नसतो, तो आपोआप ठरतो. अष्टमीचा रविवार बाद. तेव्हा भांगाची भरती, पाणी धड भरत नाही आणि धड उतरत नाही. पौर्णिमेला उधाण, पण भर दुपारी बारा वाजता, एप्रिलच्या उन्हात आजोबांना घोडबंदरला उभं कोण करणार? द्वादशी मात्र अगदी बेतलेली. भांग संपून पाणी वाढायला लागलेलं, सकाळी साडेनऊ-दहाला घोडबंदर तुडुंब, आणि तीन-साडेतीनला ओहोटी, म्हणजे दुपारनंतर पूर्वेकडच्या खाडीत चिखल उघडा. तो चिखल आम्हाला हवाच होता. कारण रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, ओहोटीलाच चिखलात उतरून खातात. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीत गेला. आपल्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय हा प्रश्न मी विचारत नाही. पीएल लागायच्या आधी एक रविवार द्वादशीला येत होता. तोच धरला.

मग भांडण झालं दिशेवरून. हे भांडण दोन रात्री चाललं आणि शेजारच्या तीन खोल्यांनी त्यात मतं दिली.

उदगीरकरचं म्हणणं, ठाण्याहून आधी दक्षिणेला जाऊत. मुलुंड, कुर्ला, बांद्रा, मग वर बोरिवली, आणि सूर्यास्त गोराईच्या किनाऱ्यावर. त्याला समुद्रात बुडणारा सूर्य हवा होता. बेट बघायचं आणि सूर्यास्त नाही? शिवाय ही घड्याळाच्या दिशेची चक्कर. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो, त्यामुळे किनारा कायम आपल्या डाव्या हाताला राहतो. थांबायचं झालं तर समोरून येणाऱ्या गाड्या चुकवून पलीकडे वळायला नको. हा मुद्दा सिव्हिलवाल्याला शोभेलसा बिनतोड होता. आणि वर म्हणतो, “देवाला उलटी प्रदक्षिणा घालतात का कुणी?”

पण त्या दिशेने गेलं तर घोडबंदरला पोचेपर्यंत अंधार, पाणी अर्धवट, आणि गायमुखच्या घाटात रविवार संध्याकाळचा जॅम. आजोबा त्या जॅममध्ये अडकले तर दोन तासांचा हिशोब कोण सांभाळणार? उलट दिशेने गेलं तर सगळं जुळत होतं. सकाळी खाडी भरलेली, दुपारी ओहोटी, सूर्यास्ताला फ्लेमिंगो. फक्त समुद्रातला सूर्यास्त जात होता.

मी काही बोललो नाही. बोलायचा हक्क मला नव्हताच. आजोबा माझे, डोंबिवली माझी, मी कधीही गोराईला जाऊन सूर्यास्त बघू शकतो. जूनला जाणारा तो होता. तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करता करता उदगीरकर म्हणाला, “उलटंच जाऊत. सूर्य काय, आमच्याकडं शेतात पण बुडतो.” आणि तोंड धुवायला निघून गेला.

बाकीची काटछाट सोपी होती. कान्हेरी उडाली. शंभराच्या वर लेणी, बेटाच्या पोटात, राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात. जायला हवंच असं ठिकाण, पण सगळी चढण. आजोबांना खाली बसवून आम्ही वर जायचं हे कुणालाच पटेना. उदगीरकर म्हणाला आमच्याकडे खरोशाला लेणी आहेत. (तिथे निजामाला हरवलेलं नाही, त्यामुळे विषय लवकर संपला.) मढ उडालं, कारण आंधळी गल्ली. जुहू उडालं, कारण रविवार. बांद्र्याचा किल्ला ठेवायचा, पण बघायचा खालूनच. १६४० मध्ये पोर्तुगीजांनी माहीमच्या खाडीवर पहारा ठेवायला बांधलेला, म्हणजे बेटाचा दक्षिण दरवाजाच. सायनच्या किल्ल्यावर मात्र टॉपरनेच फुली मारली. तो मूळ मुंबईच्या बेटावर. साष्टीवर नजर ठेवायला इंग्रजांनी बांधलेला. “प्रदक्षिणा साष्टीची आहे. शत्रूच्या बेटावर पाय ठेवायचा नाही.” म्हणून बीकेसी-कुर्ला मार्ग पक्का.

गेटपाससाठी रेक्टर सरांकडे गेलो. कारण विचारलं. उदगीरकरने सांगितलं, “सर, बेटाला चक्कर मारायची आहे.” सरांनी चष्म्यावरून बघितलं. “अंदमान?” “नाही सर, ठाणे.” सरांनी सही केली. ठाण्याला जाणाऱ्या मुलाची काळजी करण्याचं कारण नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

साडेपाचला मोठागावातून निघालो. आजोबा ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत. ही जागा टॉपरने ठरवलेली. उलट्या चक्करमध्ये किनारा उजवीकडे येतो आणि आपल्याकडे ड्रायव्हरही उजवीकडे बसतो, त्यामुळे चांगलं दृश्य नेमकं ज्याने रस्त्याकडे बघायला हवं त्याला मिळतं. त्याच्या मागची खिडकी ही गाडीतली सर्वांत मौल्यवान सीट. साकेतच्या पुलावर मी गाडी हळू केली. उल्हास आणि ठाण्याची खाडी यांना जोडणारं पाणी इथे अगदी चिंचोळं आहे. याच एवढ्याशा पाण्यामुळे साष्टी बेट आहे. उदगीरकर म्हणाला, एवढंच? आजोबा म्हणाले, एवढंच पुरतं.

गायमुखला सातला पोचलो. चौपाटीवर सकाळी फिरणारी मंडळी होती. पाणी चढत होतं पण पायऱ्यांच्या खाली होतं. आम्ही घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खाल्ली. उदगीरकरने ज्वारीच्या भाकरीशी तुलना करायचं धैर्य दाखवलं नाही. इथे दीड तास थांबायचं हे शीटमध्ये ‘ब्रेकफास्ट + बफर’ असं होतं. खरं म्हणजे नुसतं पाणी चढताना बघणं होतं. बसून बघितलं तर ते दिसतं, हे मला माहीत नव्हतं. आधी एक दगड असतो, मग अर्धा असतो, मग नसतो.

साडेनऊला घोडबंदर. किल्ल्याकडे न जाता खाली खाडीकडे गेलो. पाणी काठोकाठ. आजोबांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली (हीसुद्धा शीटमध्ये होती). ते बसले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पलीकडे वसईचा किनारा, डावीकडे महामार्गाचा पूल, त्यावर ट्रकांची रांग. मला वाटलं आता जुन्या गोष्टी सांगतील. काही सांगितलं नाही. नाकाने वास घेतला आणि म्हणाले, “पानी काला झाला.” उल्हासमध्ये काय काय सोडलं जातं हे आपल्या केमिकलच्या मुलांना मी सांगायची गरज नाही. नंतर बराच वेळ ते एकाच ठिकाणी बघत होते. पाण्यात जलपर्णीचा एक मोठा पुंजका होता, तो आमच्या समोरून उजवीकडे, म्हणजे ठाण्याकडे सरकत होता. सरकता सरकता हळू झाला. थांबला. आजोबा म्हणाले, “थांब आता.” आम्ही चौघं एका जलपर्णीकडे बघत उभे होतो. आणि मग तो पुंजका अगदी सावकाश, डावीकडे, समुद्राकडे निघाला.

“फिरला,” आजोबा म्हणाले. “आता होडी सोडाची.”

टॉपरने घड्याळ बघितलं. दहा वाजून वीस मिनिटं. त्याने ते शीटमध्ये नोंदवलं. मग खुर्ची घडी करून गाडीत ठेवली.

पुढचा दिवस चांगला गेला. उत्तनला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते आणि वासाने उदगीरकरने खिडकी लावून घेतली. गोराईच्या किनाऱ्यावर ऊन मी म्हणत होतं, पण तो पँट गुडघ्यापर्यंत वर करून अर्धा तास लाटांत उभा राहिला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, पायाखालची वाळू निघून जाते तेव्हा मजा येते. द्रुतगती मार्गावर आजोबा झोपले. बांद्र्याला पार्किंग मिळालं नाही, तेव्हा टॉपर गाडीत थांबला आणि आम्ही पंधरा मिनिटांत काळे खडक बघून आलो. ओहोटी असल्यामुळे ते उघडे होते. दोन तासांचा हिशोब सीएनजीचे पंप आणि हॉटेलं यांच्या भरवशावर नीट सांभाळला. मुलुंडजवळ मिठागरं लागली तेव्हा आजोबा उठून बसले. आम्ही आगरी. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आमचं नाव. आजोबांच्या आईच्या माहेरचे मीठ काढायचे. त्यांनी हात दाखवून सांगितलं की पाणी आत घ्यायचं ते उधाणाला, म्हणजे इथेही कॅलेंडर तेच.

मुलुंडहून ऐरोलीच्या पुलाने बेट सोडलं. कारण तिथून महापे-शिळफाटा मार्गे घर जवळ. इथे टॉपरने तांत्रिक हरकत घेतली. मुलुंड ते ठाणे हा सात-आठ किलोमीटरचा तुकडा राहून गेला, लूप क्लोज झाला नाही, प्रदक्षिणा अपूर्ण. आजोबा म्हणाले, “तेवढा मी चालत गेलेला हाय. धर माझ्या नावावर.”

पुलावर थांबायला मनाई आहे, त्यामुळे चालत्या गाडीतूनच खाडीच्या चिखलावर गुलाबी पट्टा दिसला. पूल उतरल्यावर वनविभागाचं केंद्र आहे, तिथे गेलो. तिथल्या बोटींच्या वेळासुद्धा भरती-ओहोटीवरच ठरतात हे कळल्यावर आजोबांनी तिकीट देणाऱ्या मुलाकडे पहिल्यांदाच आदराने बघितलं. बोटीत काही ते चढू शकले नसते. काठावरूनच बघितलं. सूर्य मुलुंडच्या बाजूला, येऊरच्या डोंगरामागे गेला. समुद्रात नाही, पण बेटाच्या मागे बुडाला. उदगीरकरने सत्तावीस फोटो काढले. त्यातल्या चोवीसांत माझा खांदा आहे.

गेटवर पोचायला नऊ वाजून पाच मिनिटं झाली. पास नऊचा होता. पाच मिनिटं ‘बफर’ असं टॉपरने वॉचमनकाकांना सांगितलं.

आता पुढचं. पावसाळ्यात आजोबांना न्यायचं नाही असं घरी ठरलंय, तेव्हा दिवाळीनंतर. या वेळी नागला बंदर आणि भाईंदरचा धक्का. उदगीरकर तोवर गावी, टॉपर बेंगळुरूला. म्हणजे ईकोत दोन जागा होतात. ड्रायव्हरच्या मागची खिडकी सोडून. यायचं असेल त्यांनी मेसच्या फळ्यावर नाव लिहून ठेवावं. रविवार सगळ्यांनाच चालतो, पण कुठला रविवार ते आजोबा सांगतील.